काम दिल्लीचं, मुंबईचं का गावचं? अर्ज टाकायच्या आधी हे पाहून घ्या

आपल्याकडे काहीही अडलं की माणूस पहिले तहसीलला जातो. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तूर खाल्ली, तहसील. बँकेनं खात्यातून पैसे कापले, तहसील. हायवेचं पाणी वावरात शिरलं तरी तहसीलच. तिथं बाबू म्हणतो हे आमच्याकडे नाही, फॉरेस्टला जा, फॉरेस्टवाला म्हणतो पटवाऱ्याला विचारा, पटवारी मीटिंगमध्ये असतो, आणि शेवटी कोणीतरी ते ठेवणीतलं वाक्य काढतो, "काकाजी, हे तं केंद्राचं काम हाये, आमच्या हातात काई नाई." यातलं अर्धं खरं असतं आणि अर्धं तुम्हाला दारातून काढायसाठी असतं. कोणतं कोणतं ते ओळखता यावं म्हणून हे लिहून राहिलो. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात लोकांचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील, पण बाकी विदर्भातही फार फरक नाही.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. कोणत्याही कामाचे तीन प्रश्न असतात: कायदा कोणाचा, पैसा कोणाचा, आणि सही कोणाची. तिन्हीचं उत्तर एकच असतं असं समजू नका, बहुतेक वेळा नसतंच. कायदा दिल्लीचा, पैसा अर्धा-अर्धा आणि सही आपल्या तालुक्याच्या ऑफिसातल्या माणसाची, हा आपल्या देशातला सगळ्यात कॉमन प्रकार आहे. आणि अर्ज नेहमी सहीवाल्याकडे जातो. कायदा करणाऱ्याकडे अर्ज नेऊन उपयोग नाही, तो तुमचा कागद फिरवून परत जिल्ह्यातच पाठवतो, आणि मधले महिने फुकट जातात.

आता हे वाटप लिहिलंय कुठं? संविधानाच्या शेवटी अनुसूच्या आहेत, त्यातली सातवी. तिच्यात तीन याद्या आहेत. एक केंद्राची, एक राज्याची, एक दोघांची मिळून, तिला समवर्ती सूची म्हणतात. केंद्राच्या यादीत शेवटचा नंबर 97, राज्याच्या 66 आणि सामाईक यादीत 47, पण मधले काही गाळले गेले, काही ‘17अ’, ‘33अ’ असे घुसवले गेले, त्यामुळे मोजायला बसू नका. मोबाईलवर संविधानाची मराठी पीडीएफ सरकारीच मिळते, ती एकदा उतरवून ठेवा, मागचीच पानं लागतात.

ढोबळ असं धरा. रेल्वे, पोस्ट, बँका, राष्ट्रीय महामार्ग, इन्कम टॅक्स, परदेशातून येणाऱ्या मालावरचा कर, हे दिल्लीचं. जमीन, सातबारा, शेती, बाजार समिती, पोलीस, दवाखाना, सहकारी सोसायटी, सावकारी, दारू, गावची पाणीपुरवठा योजना, ग्रामपंचायत, हे राज्याचं. आणि शिक्षण, जंगल, वन्यप्राणी, वीज हे दोघांचं. दोघांच्या यादीत भांडण झालं, म्हणजे केंद्राचा कायदा एक म्हणतो आणि राज्याचा दुसरं, तर केंद्राचा वरचढ, फक्त राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतीची मंजुरी मिळाली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा चालतो. तो कलम 254. आणि जे कोणत्याच यादीत नाही ते दिल्लीचं, कलम 248. हे शेवटचं आपण कॅनडाकडून घेतलं. अमेरिकेत उलटं आहे, तिथं उरलेलं सगळं राज्यांचं.

गंमत अशी की शेतीच्या बाबतीत यादी पाहून माणूस फसतो. शेती राज्याची लिहिली आहे, म्हणून मग भावासाठी मुंबईला शिव्या द्यायच्या का? कापसाच्या गाडीसोबत जिनिंगपर्यंत चला, म्हणजे समजते.

एक क्विंटल कापूस आणि किती सरकारं

हमीभाव दिल्ली ठरवते. कृषी मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्राचं मंत्रिमंडळ जाहीर करतं. 2025-26 ला मध्यम धाग्याचा 7,710 आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये क्विंटल होता. खरेदी करणारी सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, तीही केंद्राची, वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या खाली. इथपर्यंत ठीक. पण सीसीआयला विकायसाठी सातबाऱ्यावर पराटीचा, म्हणजे कापसाचा, पेरा लागलेला पाहिजे, आणि ती ई-पीक पाहणी राज्याच्या महसूल खात्याची. म्हणजे नोंद चुकली, कापसाच्या जागी सोयाबीन दिसून राहिलं, तर सीसीआयच्या ग्रेडरशी कितीही भांडा, त्याच्या हातात खरंच काही नाही. पटवाऱ्याकडे या. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण दारावर उभं राहून तसं कोणी हाक मारत नाही.

मग गाडी आत गेली, ग्रेडरनं मशीन लावलं. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्याच्या वर 12 पर्यंत कापून भाव, 12 च्या वर माल परत. हा नियम सीसीआयचा, म्हणजे तक्रार सीसीआयच्या केंद्रप्रमुखाकडे आणि तिथं नाही झालं तर त्यांच्या शाखा कार्यालयात. वादाची वेळ आली तर गाडी हलवायच्या आधी ओलाव्याचा आकडा दिसेल असा मशीनचा फोटो घ्या, नंतर वाळलेल्या कापसाचा फोटो काही सिद्ध करत नाही. आणि काट्यात घोळ वाटला तर? तो सीसीआयचा विषय नाही. वजनमापाचा कायदा केंद्राचा, 2009 चा, पण काटा तपासून शिक्का मारणारा निरीक्षक राज्याच्या वैधमापन खात्याचा. यार्डातली हमाली, तोलाई, गाड्यांचा नंबर, उघड्यावर पावसात भिजलेला माल, हे बाजार समितीचं, म्हणजे राज्याच्या 1963 च्या कायद्याचं, आणि समितीच्या वर जिल्हा उपनिबंधक, सहकारवाला.

अजून एक आहे जे यार्डात दिसत नाही. बाहेरच्या देशातून येणाऱ्या कापसावर 11 टक्के आयात शुल्क होतं, ते केंद्रानं ऑगस्ट 2025 मध्ये काढलं, पहिले सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरपर्यंत वाढवलं, म्हणजे नेमकं आपला कापूस घरी येते त्याच टायमाला. यात राज्य सरकार ठराव करू शकतं, पत्र लिहू शकतं, बाकी काही नाही. सीमाशुल्क केंद्राच्या यादीत आहे आणि तिथं राज्याला दारच नाही. त्यामुळे आयातीच्या विरोधात तहसीलवर मोर्चा नेणाऱ्यांना मी नेहमी म्हणतो की न्या, फोटो चांगला येतो, पण निवेदनाची एक प्रत खासदाराला स्पीड पोस्टानं पाठवा, तिचा तरी उपयोग होईल.

अतिवृष्टी आली तर

इथं तीन प्रश्नांचा हिशोब एकदम स्वच्छ दिसतो. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलीमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. नुकसान 33 टक्के किंवा जास्त पाहिजे. पंचनामा पटवारी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात, म्हणजे सही गावातली. दर केंद्राच्या निकषाप्रमाणे, 2025-26 पर्यंतच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8,500 होते, दोन हेक्टरपर्यंत, आणि राज्य आपल्या तिजोरीतून त्याच्यावर वाढवू शकतं. पैसा राज्य आपत्ती निधीतून, ज्यात केंद्राचे 75 टक्के अन् राज्याचे 25. म्हणून पंचनाम्यात तुमचा गटच आला नाही तर ती दिल्लीची चूक नाही आणि मुंबईचीही नाही, आणि हे पंचनामा चालू असतानाच बोलावं लागतं, यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागल्यावर नाही. दर कमी वाटतो? तो मात्र पटवाऱ्याला सांगून काय फायदा, त्याचा जीव खाऊ नका.

कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, धान्यही असंच. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा, केंद्राचा. धान्य केंद्र देतं. पण कोणाचं नाव यादीत आणि कोणाचं नाही हे राज्य ठरवतं, दुकानाचा परवानाही राज्याचा. नाव कटलं की तहसीलच्या पुरवठा शाखेत जायचं, दिल्लीच्या पोर्टलवर तक्रार टाकून बसायचं नाही.

घरकुलाचं पाहायचं तर पहिले योजना कोणती ते विचारा. प्रधानमंत्री आवासमध्ये केंद्राचे 60 आणि राज्याचे 40, रमाई आणि शबरी मात्र राज्याच्या. हप्ता अडकला तर कोणाच्या तिजोरीत अडकला ते यावरून समजते. सही दोन्हीकडे पंचायत समितीतून.

झुडपी जंगल, हे नीट वाचा

आता जे सांगतो ते पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपुरतं आहे, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. या जिल्ह्यांत गावाच्या बाजूची, पेरता न येणारी, ढोरं चारायची जमीन जुन्या मध्यप्रांताच्या काळापासून कागदावर ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिली आहे. जागेवर जाऊन पाहा, कुठं बोरीबाभळीची झुडपं, कुठं नुसता मुरूम, आणि बऱ्याच ठिकाणी तर शाळा, पाण्याची टाकी, स्मशान, अर्धं गाव.

आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. हिंदी-मराठी मिळून एक राज्य, राजधानी नागपूर. 1956 ला भाषेप्रमाणे राज्यं पाडली तेव्हा मराठी बोलणारे आठ जिल्हे काढून मुंबई राज्याला जोडले, मग 1 मे 1960 ला महाराष्ट्र. माणसं इकडे आली तशी रेकॉर्डही जशीच्या तशी आली. तेव्हा जंगल पूर्ण राज्याच्या यादीत होतं, त्यामुळे कोणाला त्या शब्दाची फिकीर नव्हती, कलेक्टर पट्टे देत होते, लोक घरं बांधत होते. 1976 मध्ये आणीबाणीतल्या 42 व्या घटनादुरुस्तीनं जंगल उचलून दोघांच्या यादीत टाकलं. त्याच दुरुस्तीत शिक्षण गेलं, वन्यप्राणी गेले, वजनमापं गेली. मग 1980 ला वन संवर्धन कायदा, की जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी पाहिजे. आणि 12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन केसमध्ये सांगितलं की सरकारी कागदावर जंगल लिहिलंय ते जंगल, मालक कोणीही असो. झालं. कागदावरच्या त्या दोन शब्दांमुळे शाळेच्या खोलीची परवानगी दिल्लीत गेली.

22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तो सोप्या भाषेत असा. झुडपी जंगल हे जंगलच. पण 12 डिसेंबर 1996 च्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं जी जमीन रीतसर वाटली आणि रेकॉर्ड मात्र बदललं नाही, ती जंगलाच्या यादीतून काढायसाठी राज्यानं केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा. त्यानंतर वाटलेली असेल तर गोष्ट अवघड, कारण ज्या अधिकाऱ्यानं वाटली त्याच्यावर कारवाई झाली का ते केंद्र पहिले विचारणार.

मग तुम्ही काय करायचं? पहिले आपल्या पट्ट्याचा सातबारा काढा आणि नोंद पाहा. झुडपी दिसली तर वाटपाच्या आदेशाची तारीख शोधा. घरी ट्रंकेत पट्ट्याचा कागद असेल तर तो जपा, झेरॉक्स काढा, लॅमिनेशन करू नका, मूळ कागद पाहायला मागतात. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा, गट नंबर, मौजा, वाटपाचं अंदाजे वर्ष लिहून. मग ग्रामपंचायतीतून अशा सगळ्या घरांची एकत्र यादी करून कलेक्टरकडे द्या. एकट्यानं केंद्राला पत्र लिहून काहीच होत नाही, कारण प्रस्ताव राज्याकडूनच जायला लागतो आणि राज्याकडे तो जिल्ह्यातूनच जातो. एक एक घर सुटं सुटं गेलं की फाईल दबते, शंभर घरांची यादी दाबायला जरा जड जाते. आणि कोणी एजंट म्हणाला की पैसे द्या, दिल्लीतून परवानगी आणतो, तर त्याला चहा पाजून वाटे लावा.

रोही आणि डुक्कर

इथंही दोन सरकारं आहेत. वन्यजीव कायदा 1972 चा आहे. तेव्हा वन्यप्राणी राज्याच्या यादीत होते, म्हणून राज्यांनी ठराव करून संसदेला सांगितलं की आमच्यासाठी तुम्हीच कायदा करा, तशी सोय कलम 252 मध्ये आहे. आज एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करायचं, म्हणजे त्याचं संरक्षणच काढायचं, तर अधिकार केंद्राचा, त्या कायद्याचं कलम 62. पण पीक नासवणाऱ्या जनावराला मारायची परवानगी ठराविक केसमध्ये राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं नेमलेला अधिकारी देऊ शकतो, कलम 11. म्हणजे "केंद्राचं आहे" म्हणून हात वर करणारा रेंजर अर्धंच सांगून राहिला. आणि नुकसानभरपाई तर पूर्ण राज्याच्या वन खात्याची. तिचा अर्ज तहसीलला नाही, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, तीन दिवसांच्या आत. सकाळी वावरात जाऊन पाहिलं, धुऱ्यावरून आत खुरांचे ठसे आहेत, तुरीचे शेंडे खुडलेले आहेत, तर आधी फोटो, ठशाशेजारी हाताचा पंजा ठेवून, मग फोन, मग ऑनलाईन अर्ज. ठसे दुपारपर्यंत वाऱ्यानं बुजतात.

रस्त्याचं थोडक्यात. मैलाचा दगड पाहा. वरचा भाग पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, केंद्राचा, जसा जाम-हिंगणघाटवरून जाणारा 44 नंबर. हिरवा असला तर राज्य महामार्ग, पीडब्ल्यूडी. केशरी म्हणजे ग्रामीण सडक. समृद्धी एवढा मोठा असून राज्याचा आहे, 701 किलोमीटर पूर्ण. पांदण रस्ता तहसीलदाराकडे. आणि अपघात कोणत्याही रस्त्यावर झाला तरी ठाणेदार राज्याचाच, पोलीस वाटून घेतलेले नाहीत.

लाईनचंही तसंच, 2003 चा वीज कायदा केंद्राचा, डीपी जळाली तर महावितरण, म्हणजे राज्याची कंपनी. लाईनमनला दिल्ली सांगू नका आणि त्याच्याकडून ऐकूनही घेऊ नका.

अर्ज कोणत्या भाषेत?

हे लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. दिल्लीचं ऑफिस म्हटलं की हिंदी नाहीतर इंग्रजी लिहायला लागते असा समज आहे, मग कोणाच्या तरी पोरानं मोबाईलवरून केलेलं भाषांतर चिकटवतात आणि त्यात आपलं म्हणणंच बदलून जाते. एका बाईच्या अर्जात ‘वारस नोंद’ चं असं काही झालं होतं की साहेबालाच समजलं नाही ती काय मागून राहिली.

कायदा पाहा. या देशाला राष्ट्रभाषा नाही. कलम 343 मध्ये हिंदी केंद्राची राजभाषा आहे, आणि 1963 च्या कायद्यानं इंग्रजी सोबत चालू ठेवली. राज्यानं आपली भाषा ठरवायची, कलम 345, आणि महाराष्ट्रानं 1964 ला कायदा करून मराठी ठरवली. त्यामुळे तहसील, पंचायत समिती, कलेक्टर, पोलीस, इथं मराठीच, बिनधास्त. केंद्राच्या ऑफिसात गाऱ्हाण्याचं कलम 350 आहे, केंद्रात वापरात असलेल्या भाषेत तक्रार देता येते, आता ती कोणती यावर बाबू घोळ घालू शकतो, म्हणून मी एक सोपा रस्ता वापरतो: माहिती अधिकार. 2005 च्या त्या कायद्याच्या कलम 6 मध्ये स्पष्ट लिहिलंय, अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा जिथून अर्ज करता त्या भागाच्या राजभाषेत. म्हणजे वर्ध्यातून रेल्वेला, बँकेला, सीसीआयला मराठीत अर्ज टाकता येतो. कोणी परत केला तर लेखी कारण मागा, सहसा देत नाहीत आणि अर्ज ठेवून घेतात.

अपवाद हायकोर्टाचा. नागपूर खंडपीठात काम इंग्रजीतच, कलम 348. खालच्या कोर्टात मराठी.

मला यात एक गोष्ट खटकते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणारा माणूस या सगळ्यात कुठंच नाही. आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत, सुरुवातीला 14 होत्या, 2003 च्या दुरुस्तीनं संथाली, बोडो, डोगरी, मैथिली आल्या. गोंडी नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांच्या वर आणि संस्कृत मातृभाषा सांगणारे 25 हजारसुद्धा नाहीत, तरी संस्कृत यादीत. यादीत घालायचं काम संसदेचं, राज्य फक्त मागणी करू शकतं. मात्र गोंडी किंवा कोरकू गावात ग्रामसभा आपल्या भाषेत चालवायला कोणी अडवत नाही, आणि वनहक्काच्या दाव्यात तर ग्रामसभेचा ठरावच पहिला कागद. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये त्याच्यावरच सामूहिक वनहक्क मिळवला.

शाळेचं 2025 मध्ये झालं ते आठवते ना? पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी. धोरण केंद्राचं, 2020 चं. पण शिक्षण दोघांच्या यादीत, शाळा राज्याच्या, म्हणून जीआर मुंबईतून निघाले, एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये, आणि गदारोळ झाल्यावर 29 जूनला मुंबईनंच रद्द केले. दिल्लीला विचारत बसायची गरज पडली नाही. सही कोणाची, हा प्रश्न पाहा कसा कामाचा आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज, केंद्राचा वेगळा आणि राज्याचा वेगळा

फी दोन्हीकडे दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला माफ. पण राज्याच्या ऑफिसला दहाचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलेलं चालते, केंद्राच्या ऑफिसला चालत नाही, तिथं पोस्टातून पोस्टल ऑर्डर आणा. राज्याच्या अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, केंद्राला पाचशेपर्यंत. 30 दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, राज्यात त्याला वीस रुपये लागतात, केंद्रात काही नाही.

चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तर पाच दिवसांत बरोबर ऑफिसला पाठवायचा, असं कलम 6(3) म्हणते. एकाच सरकारच्या दोन ऑफिसात हे बऱ्यापैकी चालते. पण केंद्राच्या ऑफिसातून राज्याच्या ऑफिसात जाईल या भरवशावर राहू नका, तिथून "हा विषय राज्याचा आहे" एवढंच उत्तर येते. तेही फेकू नका. ते पत्र राज्याच्या अर्जाला जोडा, म्हणजे इकडचा माणूस परत केंद्राकडे बोट दाखवू शकत नाही. दोघांनी एकमेकांवर ढकललेली केस सोडवायला माझ्याकडे याच्यापेक्षा भारी औषध नाही.

प्रश्नही नीट विचारा. "माझे पैसे का नाही आले" असं नाही. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत रोज काय कारवाई झाली, फाईल सध्या कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आहे, त्याला निर्णय घ्यायला किती दिवसांची मुदत आहे" असं. प्रत्येक अर्जाची एक ओसी, म्हणजे आपल्याकडे ठेवायची प्रत, तिच्यावर आवक शिक्का आणि तारीख. शिक्का देत नसतील तर काउंटरवर हुज्जत घालू नका, पोस्टात जा आणि स्पीड पोस्ट करून पावती जपा.

पीएम किसानचा हप्ता अडला तर हा अर्ज कुठं? पैसा केंद्राचा, सहा हजार वर्षाला, नमो शेतकरी योजनेचे राज्याचे वेगळे. पण पात्रतेची पडताळणी तालुक्यात होते, म्हणून अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याला.

आमदाराला काय, खासदाराला काय

वेगळ्या विदर्भाचं निवेदन आमदाराला देणारे खूप आहेत. कलम 3 प्रमाणे नवीन राज्य करायचा अधिकार फक्त संसदेचा, साध्या बहुमतानं. विधानसभेचं मत विचारतात, पण ते बांधील नाही. तेलंगणाच्या वेळी 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं, तरी संसदेनं केलं. 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, केंद्रानं ती घेतली नाही. मी कोणत्या बाजूचा ते इथं सांगत नाही, फक्त कागद चुकीच्या दारात टाकू नका.

आमदाराचा खरा उपयोग राज्याच्या यादीतल्या कामाला: बाजार समिती, पीडब्ल्यूडीचा रस्ता, पटवाऱ्याची रिकामी जागा, वन खात्याची रखडलेली भरपाई. 1953 च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन आपल्याकडे होते, आणि दर डिसेंबरला लोक निवेदनं घेऊन नागपूरला मोर्चात जातात. जायला हरकत नाही. पण तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या काही आठवडे आधीच द्यावे लागतात, तेव्हा आमदाराला भेटायचं ते दिवाळीच्या आसपास, माहिती अधिकारात आलेलं उत्तर हातात घेऊन, आणि प्रश्न आपणच चार ओळींत लिहून न्यायचा, गट नंबर, अर्जाची तारीख आणि खात्याचं नाव टाकून. त्याच्या पीएला तेवढा तयार मिळाला की तो पुढे जातो. सीसीआय, आयात शुल्क, रेल्वेचा थांबा, पोस्टातलं खातं, असं असेल तर तोच कागद खासदाराच्या ऑफिसात, आणि तिथं अधिवेशनं वर्षाला सहसा तीन होतात, त्यामुळे एक हुकलं तर लगेच पुढच्याची तारीख विचारून घ्या.